गुलाबी रेशमाचे सात टाके

मास्तरांच्या तोंडून दुसऱ्याच्या हाताचं कौतुक ऐकायचं, तर त्यापेक्षा दगडाला पाझर फोडणं सोपं. चाळीस वर्षं त्यांनी कोट शिवले. दुसऱ्या कुणी शिवलेलं कापड हाती आलं, की आधी ते उलटं करायचं, आतली शिलाई डोळ्यांजवळ न्यायची आणि म्हणायचं, "हं." या "हं"चे तीन प्रकार होते आणि तिन्ही वाईट. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ याच धंद्यात, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. पण त्याच्या काजांना मास्तर एकदा "उंदराने कुरतडल्यासारखी" म्हणाले, तेव्हापासून बारा वर्षं भावाभावांत बोलणं नाही. बायको म्हणायची, "अहो, एकदा म्हणा ना चांगलं, जीभ काय झिजणार आहे का?" मास्तर म्हणायचे, "चांगलं असेल तेव्हा म्हणेन." सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

तेव्हा हा माणूस जनावरांच्या दवाखान्यात एका बाईच्या हातांकडे तासभर आ वासून बघत बसला असं मी सांगितलं, तर त्याला केवढं वजन आहे ते ध्यानात घ्या.

गोष्ट बॉबिनपासून सुरू होते. बॉबिन म्हणजे मास्तरांचा कुत्रा. तांबूस, नऊ वर्षांचा, एक कान उभा आणि दुसरा कायम कंटाळलेला. खाली दुकान, वर घर. दिवसभर तो कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर पडलेला असायचा आणि मास्तर त्याच्याशी बोलत असायचे. गिऱ्हाइकाशी मापापुरतं, बायकोशी कामापुरतं आणि उरलेलं सगळं बॉबिनशी. मुली लग्न होऊन लांब गेल्या, घर मोकळं झालं, गुडघे कुरकुरायला लागले, सुईच्या नाकात दोरा जाईना. ही सगळी दुखणी मास्तरांनी पहिल्यांदा सांगितली ती टेबलाखाली.

एका दुपारी बॉबिन गायब झाला. दीड दिवस पत्ता नाही. त्या दीड दिवसात मास्तरांनी एका कोटाची डावी बाही उजवीकडे लावली, यावरून काय ते समजा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला, तीन पायांवर. मागच्या डाव्या मांडीवर कुठल्यातरी कुंपणाच्या तारेने चार बोटं लांब फाडून काढलं होतं.

शहाणा माणूस अशा वेळी दवाखाना गाठतो. पण मास्तरांनी काय पाहिलं? फाटलेलं. आणि फाटलेलं समोर असताना ते दुसऱ्याकडे न्यायचं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पाणी उकळलं, सुई उकळली, बायकोला बॉबिनचं डोकं मांडीवर घ्यायला लावलं आणि त्याचं तोंड मऊ पट्टीने बांधलं.

"अहो, डॉक्टरला दाखवू या ना," बायको म्हणाली.

"डॉक्टर याहून वेगळं काय करणार? तोही शिवणारच. आणि कसं शिवेल ते देव जाणे."

कातडीखाली मांसही फाटलं होतं. ती चीर आतल्या आत, न फाटलेल्या कातडीखालून कमरेकडे आणखी दोन बोटं सरकली होती, खिसा असावा तशी. मास्तरांना हे नवीन नव्हतं. कोटाला आधी अस्तर, मग वरचं कापड. आत शिरलेल्या त्या खिशाचं तोंड त्यांनी सात बारीक टाक्यांनी बंद केलं. दोऱ्याचा रंग कापडाला मिळताजुळता घ्यायचा हा धंद्याचा पहिला नियम, म्हणून डबी उपसून त्यांनी फिकट गुलाबी रेशीम शोधलं, थेट मांसाच्या रंगाचं. गाठ दुमडून आत लपवली. मग वरून तांबूस दोऱ्याने कातडी शिवली. बॉबिन थरथरला, गुरगुरला, पण हलला नाही. इतर कुणाला त्याने हे करू दिलं नसतं. झाल्यावर मास्तरांनी चष्मा वर करून शिलाई बघितली आणि स्वतःच्या कामालाही "हं" म्हणाले. हा मात्र चौथा प्रकार होता.

आता त्यांना काय माहीत, की त्या दीड दिवसात उघड्या जखमेवर एक माशी बसून गेली होती. मास्तरांनी दार सुबक लावलं, पण चोर घरात असताना.

तिसऱ्या दिवशी दुकानात वास यायला लागला. मास्तरांनी आधी लोकरीच्या ओल्या कापडावर आळ घेतला, मग शेजारच्या गटारावर. चौथ्या दिवशी सकाळी बॉबिनने पाण्याच्या भांड्याकडे बघितलंही नाही. मास्तर टेबलाखाली वाकले, मांडीवरचे केस बाजूला केले, आणि शिलाईखालची कातडी हलली. श्वासाने हलते तशी नाही. आतून कुणी बोट फिरवावं तशी. मास्तर मागे बसले ते बसलेच. त्यांनी वर पाहिलं तर बायको पायात चप्पल घालून दारात उभी होती आणि तिने गाडीही थांबवली होती.

जनावरांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत बाक, बाकावर पिंजरे, टोपल्या आणि काळजीत पडलेली माणसं. आतल्या खोलीला जाळीचं दार, पत्र्याचं टेबल, त्यावर रबरी चादर, खिडकीला दुहेरी जाळी. डॉक्टर एकच, तरुण, आणि दिवसातला निम्मा वेळ कुठल्यातरी गोठ्यात अडकलेला. जखमांचं सगळं काम ड्रेसरबाईंचं. बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्या जाळीचं दार उघडायच्या तेही अंग जाईल एवढंच आणि लगेच लावून घ्यायच्या. आत एक माशी आलेली त्यांना खपत नसे.

बॉबिनला टेबलावर ठेवलं. बाईंनी आधी हात लावला नाही. त्या वाकल्या, जखमेपाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि वास घेतला. त्या वासाने बाकावरची माणसं उठून पलीकडे गेली होती.

"चार दिवस झाले," त्या म्हणाल्या. "अळ्या आहेत, आणि खोल आहेत." मग त्यांनी केस कातरले आणि शिलाई पाहिली. बराच वेळ पाहिली. "कुणी घातले हे टाके?"

आता मास्तर काय सांगणार? कान गरम झाले. "आहे एक ओळखीचा माणूस," ते म्हणाले. बायकोने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांनी छताकडे बघणं पसंत केलं.

"हात सुरेख आहे त्या माणसाचा," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे असे टाके कुणाला जमत नाहीत. फक्त घाण आत कोंडून घेतलीन." एवढं बोलून त्यांनी कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि मास्तरांची शिलाई टाक्याटाक्याने उसवली. "आत खाली काही शिवलंय का त्याने? अस्तरासारखं?"

इथे मास्तर खरं बोलते, तर पुढची गोष्ट झालीच नसती. पण ओळखीच्या माणसाने आत काय केलं ते आपल्याला टाक्यासकट कसं ठाऊक, हे कसं सांगायचं? एक खोटं दुसऱ्याला हात धरून आणतं.

"नसावं," मास्तर म्हणाले. "वरूनच शिवलंय."

बाईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या. आणि इथून पुढे मास्तरांची मान छताकडून खाली आली ती वर गेली नाही.

बाईंनी जखम औषधी पाण्याने धुतली, औषधात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेच्या तोंडावर ठेवला आणि चक्क हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. बॉबिनशी बोलत. "थांब रे राजा, येतील, आपणहून येतील. हवा नको का त्यांना?" मास्तरांना वाटलं, ही बाई करते काय? पाच मिनिटांनी बोळा उचलला तर जखमेत पांढरी टोकं वर आली होती, दहा-बारा. बाईंचा चिमटा खाली गेला. एक अळी धरली, पण ओढली नाही. नुसती धरून ठेवली, ती सैल पडेपर्यंत, आणि मग अलगद वर घेतली. पुढची. पुढची. प्रत्येक अळी स्पिरिटच्या बाटलीत.

"जोरात ओढली की तुटते," त्या मान वर न करता म्हणाल्या. "निम्मी आत राहिली की ती सडते. डोकं आत खुपसून बसतात, शेपूट वर, श्वासाला. घाई केली की आपणच हरतो."

"ही साधीच माशी ना?" बायकोने विचारलं.

"साधी उकिरड्यावर बसते, ताई. ही जखम हुडकत येते. कुत्र्याला बोचकारलेलं असो, मांजराचा कान फाटलेला असो, व्यालेली गाय असो. क्षणभर बसते, अंडी घालते, जाते. आपण म्हणतो माशी उडाली. दुसऱ्या दिवशी अळ्या, आणि त्या जिवंत मांस खातात. नखाएवढं खरचटलं तरी रोज दोनदा बघायचं, केस कापायचे, कडेने औषध लावायचं, जखम कोरडी होईतो जनावर जाळीच्या आत ठेवायचं. एवढंच आहे सगळं. पण लोक जखमेकडे बघतच नाहीत, बघवत नाही म्हणतात."

एक तास दहा मिनिटं हे चाललं. बाईंची पाठ वाकलेली, मनगट मात्र हवेत स्थिर. चिमट्याचं टोक जखमेच्या कडेला एकदाही लागलं नाही. मास्तरांनी आयुष्यभर हातच बघितले होते. काम करायचा वेग कशाला म्हणतात आणि घाई कशाला, हे त्यांना कळत होतं. बाईंच्या हाताला वेग होता आणि घाई औषधालाही नव्हती. बॉबिन, जो अनोळखी माणसाला नखही कापू देत नसे, तो त्यांच्या कोपरावर हनुवटी टेकून पडला होता. मास्तरांच्या तोंडून आपोआप "हं" निघालं आणि ते स्वतःच दचकले, कारण हा पाचवाच प्रकार होता.

डॉक्टरने येऊन इंजेक्शनं दिली. जखम शिवायची नाही, उघडी ठेवायची, खालून वर आपोआप भरत येईल, रोज ड्रेसिंगला आणायचं, असं सांगितलं.

"उघडी?" मास्तर म्हणाले.

"उघडी," बाई म्हणाल्या. "तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा, हात आवर म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान बंद करून गेले, तिसऱ्या दिवशीही. बाई रोज एक-दोन अळ्या काढायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "आता संपायला हव्या होत्या," त्या म्हणायच्या आणि पुन्हा वास घ्यायच्या. त्यांनी जखमेची भिंत न् भिंत तपासली, सळई घालून पाहिली, पण सुजलेल्या गुलाबी मांसात गुलाबी रेशीम कुणाला दिसणार? मास्तरांनी ते दिसू नये म्हणूनच तर निवडलं होतं. ते टेबलाशी उभे राहायचे, बॉबिनचं डोकं धरायचे, आणि ओठांपर्यंत आलेलं गिळायचे. ज्या हातांपुढे आपण आयुष्यात पहिल्यांदा मान तुकवली, त्या हातांना आपण खोटं सांगून राबवतोय, हे त्यांना चांगलं कळत होतं. म्हणून तर जास्तच बोलवेना.

चौथ्या दिवशी बॉबिनला ताप भरला. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. डॉक्टरने दोनदा ताप पाहिला आणि मास्तरांना बाजूला घेतलं.

"कुठूनतरी विष भिनतंय, काका. औषध बदलतो. पण उद्या सकाळपर्यंत उतार पडला नाही, तर पाय काढावा लागेल. आणि या वयात, या तापात, टेबलावरून उठेल याची मी खात्री देऊ शकत नाही."

घरी आल्यावर मास्तर मशीनवर बसले. कापड नाही, काही नाही, नुसते बसले. बॉबिन टेबलाखाली कुशीवर पडून धापा टाकत होता. बायको वरून खाली आली, चहाचा कप मशीनवर ठेवला आणि समोर उभी राहिली.

"सांगितलंत?"

"काय?"

"मला विचारता काय? डोकं मीच धरलं होतं त्याचं. दोनदा शिवलंत तुम्ही, आत एकदा आणि वर एकदा."

"त्या आतल्या टाक्यांनी काय होणार आहे? रेशीम आहे, स्वच्छ उकळून—"

"तुम्हाला माहितेय काय होतंय ते. म्हणून तर चार दिवस जेवण जात नाही तुम्हाला." ती ओरडली नाही, तिने नुसतं सांगितलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल. कापडात चालत असेल ते. इथे जीव त्याचा जातोय आणि लाज तुमची वाचतेय."

चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने मास्तरांची चूक काढली नव्हती, त्यामुळे चूक कबूल कशी करतात याचा सरावच नव्हता. त्यांनी खाली वाकून बॉबिनच्या कपाळाला हात लावला. ते तव्यासारखं तापलं होतं. बॉबिनने एक डोळा उघडला, त्यांचा हात चाटायला जीभ बाहेर काढली आणि ती तशीच दमून राहिली.

"गाडी बोलाव," मास्तर म्हणाले. "उद्या नको. आत्ता."

दवाखाना बंद व्हायला आला होता. बाई हात धूत होत्या. मास्तरांनी बॉबिनला टेबलावर ठेवलं आणि शाळेत उभं केलेल्या पोरासारखे उभे राहिले.

"बाई, टाके मी घातले होते. मी शिंपी आहे. आणि आत आणखी सात आहेत. चीर कातडीखालून कमरेकडे गेली होती, तिचं तोंड शिवलंय मी. गुलाबी रेशमाने. तुम्हाला दिसणार नाही असं शिवलंय." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला. "तुम्ही विचारलं होतंत. मी नाही म्हणालो."

बाईंनी नळ बंद केला. आता ही बाई मला फाडून खाणार, असं मास्तरांना वाटलं, आणि खाल्लं तर बरं, असंही वाटलं. पण बाईंनी दिवा खाली ओढला, हातमोज्यांची एक जोडी मास्तरांपुढे टाकली आणि विचारलं, "गाठ कुठे आहे?"

"दोन आहेत. सुरुवातीची खालच्या टोकाला, शेवटची वर, कमरेच्या बाजूला. दुमडून आत घातलीय. वरची कापली की खालच्या गाठीला धरून ओढायचं. धावदोरा आहे, एकसंध येतो."

"मला ते शोधायला सगळं मांस पुन्हा फाडावं लागेल. बोट ठेवा. दाखवा."

मास्तरांनी डोळे मिटले. डोळ्यांचं ते कामच नव्हतं. स्वतःची शिलाई त्यांना अंधारात सापडली असती. जखमेच्या वरच्या कडेपासून बोटाचं टोक अर्धं पेर आत सरकलं, थांबलं, किंचित डावीकडे गेलं. "इथे," ते म्हणाले. आवाज कापला, बोट कापलं नाही. त्या बोटाला लागून बाईंच्या कात्रीचं टोक आत उतरलं. कच्च, एवढा एक बारीक आवाज. मग बोट खाली आलं, सहा टाके मागे, आणि पुन्हा म्हणालं, इथे. बाईंनी चिमट्याने गाठ धरली, क्षणभर थांबल्या आणि ओढली. गुलाबी दोरा लांबच लांब बाहेर आला, एक धागा मागे न सोडता. मांसावर नवीन ओरखडा नाही.

आणि त्याच्यामागून सगळं बाहेर आलं. काय आलं ते सांगत नाही. चहा पिता पिता वाचत असाल. बायकोने तोंडाला पदर लावला. मास्तर हलले नाहीत. बाईंनी तो खिसा धुतला, पुन्हा धुतला, बोळा ठेवला, वाट पाहिली, आणि चिमटा खाली गेला. बेचाळीस अळ्या निघाल्या. शेवटची बाटलीत पडली तेव्हा बाईंनी जखमेपाशी नाक नेलं, वास घेतला आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

"संपलं," त्या म्हणाल्या. "आता ताप उतरेल."

मास्तरांनी घसा साफ केला. "बाई, हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "इतका चांगला हात मी पाहिलेला नाही."

"चाळीस वर्षं माझ्या हातचं खाताय," बायको पदराआडून म्हणाली, "हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतेय."

बाई हसल्या. मग त्यांनी तो गुलाबी दोरा ट्रेमधून उचलून उजेडात धरला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, काका. डॉक्टर प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारतो. एका दोऱ्यात सगळं शिवतो तो शिंपी, आणि तुम्ही तर छताकडे बघत होतात."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही आला असतात?"

मास्तरांनी विचार केला. खरं उत्तर कठीण होतं, पण त्या संध्याकाळी त्यांना खरं बोलायची थोडी सवय झाली होती. "नसतो आलो."

"माणसं लाजली की येत नाहीत. कुणी रॉकेल ओतलेलं असतं, कुणी चुना भरलेला असतो, कुणी आठ दिवस पाहिलेलंच नसतं. ताकाला येऊन भांडं लपवतात. एकदा कुणाला चारचौघांत बोलले मी. एक म्हातारी होती, तिचा बोका होता. ती पुन्हा आलीच नाही. बोक्याचं काय झालं ते मला कळलंही नाही. तेव्हापासून तोंड बंद ठेवते आणि नाकाने काम करते." त्या हातमोजे काढत होत्या. "पण माझंही चुकलं. ओळखीचा माणूस कोण ते कळलं होतं, तर 'आत शिवलं नाही' यावर विश्वास ठेवायला नको होता. चार दिवस गेले त्याचे."

चूक सरळसरळ मास्तरांची होती. तिच्यातला वाटा या बाईने न मागता उचलला आणि वर टेबल पुसायला घेतलं. चिमट्याच्या कौशल्याचं एक झालं, पण हे त्याच्याहून वरचं होतं, आणि याला कुठलं "हं" लावायचं तेच मास्तरांना कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. डॉक्टरने पाय दाबून पाहिला, काढायची गोष्ट पुन्हा काढली नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी बॉबिनने पाय टेकला. जखम खालून भरत आली, लालबुंद, दाणेदार, रोज थोडी वर. ती उघडी बघताना मास्तरांचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी सुईला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ टेबलाखाली दिवा धरून ते जखम बघायचे, कडेने औषध लावायचे आणि बाईंसारखंच नाक नेऊन वास घ्यायचे. दुकानाच्या दाराला जाळी बसली. गिऱ्हाइकं म्हणाली, मास्तर, हे काय? मास्तर म्हणायचे, "पटकन आत या आणि लावून घ्या."

अठराव्या दिवशी शेवटचं ड्रेसिंग होतं. पडवीत गर्दी होती. मास्तर आणि बॉबिन बाकावर बसले होते. शेजारी विशीतली एक मुलगी, मांडीवर टोपली, टोपलीत करड्या रंगाचं मांजर. कानामागे पट्टी बांधलेली. बाईंनी जाळीच्या दारातून डोकं काढून तिला विचारलं होतं, "काही लावलंय का घरी?" आणि ती चटकन म्हणाली होती, "नाही, काहीच नाही." तेव्हापासून ती खाली बघत होती. मांजर तोंड उघडं टाकून पडलं होतं.

मास्तरांच्या नाकाला वास आला. अळ्यांचा तो होताच, तो आता त्यांना झोपेत ओळखता आला असता. पण त्याच्याखाली दुसरा एक होता, उग्र, दिव्याच्या तेलाचा. मुलीने टोपली थोडी पलीकडे सरकवली. मग तिने दाराकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि चप्पल पायात नीट केली. ही उठून जाणार, हे मास्तरांना कळलं. त्यांना चांगलंच कळलं.

पडवीत आठ-दहा माणसं होती. त्यांतल्या दोघांचे कोट मास्तरांनी शिवलेले होते आणि तिसरा त्यांच्या भावाचं गिऱ्हाईक होता. म्हणजे इथे बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत दोन गल्ल्या पलीकडे पोचणार होता. मास्तरांनी ते सगळे पाहिले. मग त्यांनी बॉबिनची मांडी मुलीकडे वळवली.

"हे बघ," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम खाली घेतला नाही. "याला मी घरी सुईदोऱ्याने शिवला होता. मी शिंपी आहे, मला वाटलं माझ्यासारखं कुणाला शिवता येत नाही. आत अळ्या कोंडल्या. या बाईंनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. चार दिवस खोटं बोललो, तोवर याचा पाय कापायची वेळ आली आणि हा मरणार होता. माझ्यामुळे."

भावाचं गिऱ्हाईक टक लावून बघत होतं. मास्तरांचे कान लाल झाले, पण त्यांनी मान वर ठेवली.

"आता तू सांग. तू काय लावलंस?"

मुलीने टोपलीतल्या मांजराकडे पाहिलं. "रॉकेल," ती म्हणाली. "दोनदा. आणि वरून चिकटपट्टी. मला वाटलं..."

"मला नको सांगू. आत जाऊन त्यांना सांग. सगळ्यात आधी हेच सांग."

मुलगी उठली. क्षणभर तिचे पाय रस्त्याकडे होते. मग तिने टोपली छातीशी धरली, जाळीचं दार अंग जाईल एवढंच उघडलं आणि आत गेली.